सालीचे नवरात्र

आमच्या लहानपणी नवरात्रात घरात दोन घट बसत. एक देवघरात, पत्रावळीवरच्या काळ्या मातीत पेरलेल्या धान्याच्या मधोमध. आणि दुसरा स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात, चिनी मातीच्या मोठ्या सटात. पहिल्याची पूजा आजोबा करीत, दुसऱ्याची आजी. तिची पूजा म्हणजे एवढीच, की पहाटे आंघोळ झाली की सटातले पाणी ओतून द्यायचे आणि विहिरीचे ताजे पाणी भरायचे. त्या पाण्यात महाळुंगाच्या सालीच्या जाडजूड फोडी असत. घटस्थापनेला भिजलेली साल दसऱ्याला बाहेर निघे. मग ती उकडली जाई, रोज थोडाथोडा पाक पिऊन फुगत जाई, आणि दिवाळीच्या फराळाच्या ताटात चकली-कडबोळ्यांच्या पलीकडे, अगदी काठाला, बोटभर लांबीच्या दोन सोनेरी, काचेसारख्या पारदर्शक कात्र्या होऊन येऊन बसे.

दोनच. तिसरी मागितली तर आजी म्हणे, “अरे, ती खायची नसते, चघळायची असते.”

महाळुंग हल्लीच्या मुलांना दाखवावे लागेल. लिंबाच्या कुळातले हे थोरले फळ. वरून खडबडीत, पिकले की पिवळेधमक, नारळाएवढेही होते. कापले की आत गर जेमतेम मूठभर आणि बाकी सारी पांढरीशुभ्र, कापसासारखी जाड साल. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या उजव्या खालच्या हातात जे फळ आहे ते हेच. संस्कृतातले मातुलुंग किंवा बीजपूर. आमचे घर त्याच पंचक्रोशीतले. तेव्हा देवीच्या हातचे फळ, देवीचे नऊ दिवस आणि आजीचा सट यांचा मेळ आम्ही पोरांनी मनाशी केव्हाच घालून टाकला होता. तो एक कुळाचार आहे, यात आम्हांला तिळमात्र शंका नव्हती.

पुढे आजी गेली. वाड्याच्या वाटण्या झाल्या तेव्हा विहिरीकडचे महाळुंगाचे झाड ज्याच्या वाट्याला आले त्याला तिथे भिंत हवी होती. झाड गेले. कृती कुणी लिहून घेतली नव्हती, कारण आजी ती सांगत असे ती अशी: “साल सांगेल तेवढे पाणी घालावे, पाक सांगेल तेव्हा उतरवावा.” आता सालीशी आणि पाकाशी ज्याची बोलचाल नाही त्याने काय करावे? एका दिवाळीत मी हौसेने पपनसाची साल आणून, उकडून, तडक घट्ट पाकात टाकली. दुसऱ्या दिवशी जे हाती आले ते पाहून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, कोल्हापुरी वहाणा बाजारात मिळतात, घरी कशाला करायच्या?”

आजीची कृती मला सापडली ती त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, आणि सापडली ती पॅरिसमध्ये. म्हणजे मी पॅरिसला गेलो नव्हतो. एका जुन्या फ्रेंच ग्रंथाच्या अनुवादाची पाने चाळीत बसलो होतो. ग्रंथ इसवी सन १३९३च्या सुमाराचा. त्याच्या कर्त्याने आपले नाव दिलेले नाही. तो पॅरिसमधला एक सुखवस्तू, उतारवयाचा गृहस्थ. त्याने लग्न केले होते पंधरा वर्षांच्या एका पोरक्या मुलीशी, आणि घर कसे चालवावे हे तिला कळावे म्हणून हा ग्रंथ लिहिला. त्यात प्रार्थना आहेत, बागकाम आहे, पिसवा घालवण्याचे उपाय आहेत, आणि शेकडो पाककृती आहेत. म्हातारा मोठा समजूतदार. आपल्यामागे ही मुलगी दुसरे लग्न करील, तेव्हा त्या घरातही तिने नाव काढावे, अशी त्याची इच्छा होती. ग्रंथ हस्तलिखितातच राहिला. तो छापला गेला १८४६ साली.

या ग्रंथात संत्र्याच्या सालीची मिठाई आहे. कृती अशी: सालीच्या पाच फोडी करा. आतला मऊ पांढरा भाग सुरीने खरवडून काढा. साल चांगल्या गोड्या पाण्यात नऊ दिवस भिजत घाला आणि पाणी बदलत राहा. मग ताज्या पाण्यात एकच उकळी द्या, कापडावर पसरून कोरडी होऊ द्या. भांड्यात घालून बुडेल इतका मध ओता, मंद आचेवर शिजवा, वर येईल तो फेस काढा. मध झाला की नाही हे कसे ओळखावे? वाडग्यात पाणी घेऊन त्यात मधाचा एक थेंब सोडा. पसरला तर कच्चा, जागच्या जागी राहिला तर झाला. मग सालीचा एक थर, त्यावर सुंठीची पूड, पुन्हा थर, पुन्हा सुंठ. महिनाभर किंवा अधिक मुरू द्या, मग खा.

नऊ दिवस! मी ते पान दोनदा वाचले. आणि तो पाण्यातला थेंब! आमच्या स्वयंपाकघरात चुलीपाशी वाटीत पाणी घेऊन बसलेली आजी आणि पाकाची गोळी होते की नाही हे पाहण्यासाठी पुढे झालेली तिची मान माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. सुंठीची पूडही तीच. कुठे कोल्हापूर, कुठे पॅरिस! दोघांनी एकमेकांकडून उसने घेतले म्हणावे तर मध्ये सहा शतके आणि सात समुद्र. माझी समजूत अशी झाली, की दोघांनाही शिकवणारी एकच होती, ती म्हणजे साल. कडू जायला जेवढे दिवस लागतात तेवढे लागतात; आजीने त्या दिवसांना नवरात्राची खुंटी दिली, म्हणजे मोजायला नको आणि विसरायलाही नको. घरातल्या बायकांचे पंचांग असे अनेकदा कामाला जुंपलेले असते.

पण या योगायोगाने मला एक छंद मात्र लावला. हे फळ आणि ही साखर त्या पॅरिसकराच्या घरी पोचली कशी, याचा मी मागोवा घेऊ लागलो. आणि गंमत अशी की दोन्ही वाटा फिरून आपल्याच दाराशी आल्या.

आधी फळाची वाट. २०१८ साली शास्त्रज्ञांनी लिंबूवर्गीय फळांच्या जनुकांचा जो धांडोळा घेतला त्यावरून या सर्व कुळाचे माहेर हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे आसाम, उत्तर ब्रह्मदेश आणि चीनचा युन्नान प्रांत या टापूत ठरते. या कुळातले मूळ पुरुष थोडेच. त्यांतले प्रमुख म्हणजे महाळुंग, पपनस आणि सुट्या सालीचे मूळ संत्रे. बाकीची बहुतेक मंडळी ही त्यांच्या सोयरिकींतून झालेली. पपनस आणि संत्रे यांच्यापासून आंबट नारिंग; नारिंग आणि महाळुंग यांच्यापासून युरोपातले पिवळे मोठे लिंबू.

या कुळात पश्चिमेकडे पहिले पाऊल टाकले ते महाळुंगाने. इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास थिओफ्रॅस्टस या ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले आहे. मीडिया, म्हणजे इराणाकडच्या मुलखातले सफरचंद, असे तो त्याला म्हणतो. हे फळ खात नाहीत, पण कपड्यांत ठेवले तर कसर लागत नाही, आणि तोंडाला सुवास येतो, असे त्याचे म्हणणे. आमच्याकडे सुश्रुताने महाळुंगाचा गर निराळा आणि साल निराळी मोजली; साल कडू आणि पचायला जड असे सांगून ठेवले. ग्रीक असो की वैद्य, सगळ्यांना एकच अडचण: वास स्वर्गातला, पण खावे कसे?

त्यामागून नारिंग गेले. मसूदी हा दहाव्या शतकातला अरब इतिहासकार. तो लिहितो, की नारिंगाचे झाड हिजरी ३००नंतर, म्हणजे इसवी सन ९१२च्या पुढे हिंदुस्थानातून आणून प्रथम ओमानात लावले; तिथून ते बसरा, इराक, शाम असे पसरले. पण हिंदुस्थानात त्याला जो सुगंध आणि रंग होता तो इथे राहिला नाही, अशीही खंत तो नोंदवून ठेवतो. परमुलखात गेलेल्या लेकीबद्दल बोलावे तसे हे बोलणे आहे. नाव मात्र तिने माहेरचेच ठेवले. संस्कृत नारंग, फारसी नारंग, अरबी नारंज, स्पॅनिश नारांजा आणि, वाटेत न गळून, इंग्रजी ऑरेंज. संस्कृतातही तो शब्द दक्षिणेकडच्या द्राविडी भाषांतून आला असावा, असे भाषापंडित मानतात.

आता साखरेची वाट. सिकंदराचा सेनानी निआर्कस याने हिंदुस्थानात मधमाश्यांवाचून मध देणारा वेत पाहिला, असे ग्रीक ग्रंथांत नमूद आहे. तो आपला ऊस. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड, शर्करा अशा उसाच्या रसाच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. रस आटवणे पुष्कळांना जमले असते. पण त्याचे कोरडे, टिकाऊ, वाहून नेता येणारे खडे करणे ही विद्या इथे सिद्ध झाली. ती शिकून घेण्यासाठी इसवी सन ६४७ साली चीनच्या ताइत्सुंग बादशहाने मगधात माणसे पाठवली होती. शर्करेचे फारसीत शकर झाले, अरबीत सुक्कर, लॅटिनात साखारुम. आणि खंडाचे झाले कंद, मग कँडी. म्हणजे पाकवलेल्या संत्र्याच्या सालीला इंग्रज जेव्हा ‘कँडीड ऑरेंज पील’ म्हणतो, तेव्हा त्याच्या तीन शब्दांपैकी दोन आपल्या घरचे असतात. त्याची स्वतःची म्हणावी ती केवळ साल!

या दोघांची गाठ घालून दिली अरबांनी आणि इराण्यांनी. मधात किंवा साखरेत फळे मुरवण्याची त्यांची कला मोठी. मुरब्बा हा शब्द त्यांचाच. पण अशा मुरवलेल्या पदार्थांच्या एका सबंध वर्गाला मध्ययुगीन अरबीत अंबिजात म्हणत, आणि तो शब्द आला आपल्या आंब्यावरून, कारण हिंदुस्थानातून येणारा मधातला आंबा हा त्यांतला नमुना. देवाणघेवाण ही अशी असते. सरळ रेघेत कधी नसते. पुढे बाबर हिंदुस्थानात आला तेव्हा त्याने आत्मचरित्रात इथली लिंबूवर्गीय फळे एखाद्या जाणत्या माळ्यासारखी एकेक करून वर्णिली आहेत. महाळुंगाचे दोन प्रकार सांगून त्यातल्या गोडसर, मचूळ जातीबद्दल तो म्हणतो, की खायला ती कामाची नाही, पण तिच्या सालीचा मुरब्बा चांगला होतो. घराच्या आठवणीने व्याकूळ होणारा हा बादशहा सालीच्या मुरब्ब्यापाशी क्षणभर थांबतो, हे मला फार आवडते.

युरोपात ही कला पोचली तेव्हा साखर हे औषध होते. ती किराण्याच्या दुकानात नसे, औषध विकणाऱ्याकडे असे, आणि तोळ्या-मासाने मिळे. पाकवलेली साल जेवणानंतर अन्न जिरावे म्हणून देत. आपण विडा देतो तशी. त्या पॅरिसच्या गृहस्थाने लग्नाच्या जेवणाची जी यादी दिली आहे तीत शेवटी हीच साल आहे, बडीशेपेच्या रंगीत गोळ्यांबरोबर. पण घरच्या कृतीत त्याने साखर न घालता मध घातला. साल घरची, मध जवळचा, साखर दूरची. हिशेबी माणूस होता.

मग शंभरच वर्षांत ती साखर स्वस्त कशी झाली? इथून पुढची वाट मात्र चालताना पाय अडखळतात.

पोर्तुगिजांनी अटलांटिक समुद्रातल्या मदेइरा बेटावर ऊस लावला. त्या बेटावरून साखरेबरोबर महाळुंगाच्या पाकवलेल्या सालीही युरोपच्या बाजारात जात. कोलंबसाने तरुणपणी मदेइराच्या साखरेच्या व्यापारात काम केले होते. १४९३ साली तो दुसऱ्यांदा अमेरिकेकडे निघाला तेव्हा त्याने वाटेत कॅनरी बेटांवर दोन वस्तू जहाजात घेतल्या: नारिंगा-लिंबांच्या बिया आणि उसाच्या कांड्या. आसामकडचे फळ आणि मगधाकडची साखर, दोघे पुन्हा एकाच जहाजात. बिया रुजल्या, कांड्याही रुजल्या. पण उसाला माणसे लागतात. ऊस तोडला की लगेच गाळावा लागतो, रस काढला की लगेच उकळावा लागतो. थांबायला सवड नाही. ही माणसे आफ्रिकेतून पकडून, साखळदंडांत घालून आणण्यात आली. त्या सुमारे साडेतीनशे वर्षांत जवळजवळ सव्वा कोटी माणसे जहाजांत चढवली गेली आणि त्यांतली अठरा लाखांच्या आसपास समुद्रातच संपली, असा आजच्या इतिहासकारांचा जहाजांच्या नोंदींवरून काढलेला हिशेब आहे. ब्राझील आणि वेस्ट इंडीजची बेटे, जिथे ऊस होता, तिथे त्यांतले फार मोठे वाटे उतरले.

साखर औषधाच्या कपाटातून स्वयंपाकघराच्या फळीवर आली ती अशी. सतराव्या-अठराव्या शतकांतल्या इंग्रजी पाकपुस्तकांत नारिंगाची साल पाकवण्याच्या कृती पानोपानी आहेत आणि मधाची जागा साखरेने घेतलेली आहे. नाताळच्या केकात साल पडू लागली. कृती तीच: भिजवा, उकडा, पाकात मुरवा. पण तिच्यातला एक जिन्नस आता निराळ्या किमतीचा होता, आणि ती किंमत दुकानातल्या तराजूत दिसत नव्हती.

ती दिसली प्रथम काही बायकांना. १७९१ साली इंग्लंडात गुलामांच्या हातची साखर घरात आणायची नाही अशी चळवळ उभी राहिली. त्या काळी बायकांना मत नव्हते, पण साखरेचा डबा त्यांच्या हाती होता. टॉमस क्लार्कसन या कार्यकर्त्याच्या अंदाजाने सुमारे ३ लाख लोकांनी साखर सोडली. पुढे १८२०नंतरच्या काळात चहाच्या साखरदाणीवरच मजकूर छापून घेण्याची चाल पडली, की ही साखर ईस्ट इंडीजची, म्हणजे पूर्वेकडची आहे, गुलामांनी केलेली नाही. अशा काही साखरदाण्या संग्रहालयांत आजही आहेत. इंग्रजांचे राज्य आपल्यावर होते हे खरे. पण तिकडच्या घरांत आपल्या साखरेला त्या वेळी निर्मळ मानले जाई, हेही तितकेच खरे.

ती निर्मळताही फार दिवस टिकली नाही. १८३४ साली ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी उठली आणि त्याच साली मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबंद मजूर जहाजांत भरू लागले. त्यांत पुढे कोकणातली मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आज मॉरिशसमध्ये मराठी म्हणवून घेतात, गणपती बसवतात. ऊस इथून गेला आणि काही शतकांनी त्याच्यामागून इथलीच माणसे गेली.

इकडे सालीचा व्यापारही थोराड झाला होता. कॉर्सिका, सिसिली, कालाब्रिया इथली महाळुंगे कापून खाऱ्या पाण्याच्या पिंपांत भरायची आणि इटलीतल्या लिव्होर्नो बंदरात आणून पाकवायची, असा एकोणिसाव्या शतकातला क्रम. खारे पाणी आंबते आणि सालीचा कडवटपणा घेऊन जाते. आजीच्या सटाचेच हे कारखानदारी रूप. हा धंदा आपल्याकडेही असावा म्हणून अमेरिकन सरकारने शतकाच्या शेवटच्या दशकात डेव्हिड फेअरचाइल्ड या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाला कॉर्सिकाला धाडले. हेर समजून तिथे त्याला पकडले. कशीबशी सुटका झाली तेव्हा गावाबाहेर पडता पडता त्याने महाळुंगाच्या चार डहाळ्या छाटल्या, वाळू नयेत म्हणून कच्च्या बटाट्यांत खुपसल्या आणि टपालाने वॉशिंग्टनला पाठवून दिल्या! देवीच्या हातातले फळ बटाट्यात बसून समुद्र ओलांडते झाले.

आणि असे फिरत फिरत ते परत इथे आले. मुंबई-पुण्याच्या कॅम्पांतल्या बेकऱ्यांत साहेबाच्या नाताळ-केकासाठी परदेशी सालीचे डबे येत. आजही केकात नारिंगी कात्री दिसली, की ती विलायती चीज आहे असेच आपण समजतो. आणि ते लाल-हिरवे चौकोनी तुकडे दिसतात ना, ती टूटीफ्रुटी, ती बहुधा सालही नसते. कच्ची पपई पाकवून रंगवलेली असते. खरी साल आपण सोलून केराच्या टोपलीत टाकतो.

तेव्हा आता दिवाळीच्या तोंडावर, इतिहास पुरे, जरा सटाकडे वळू. नागपूरच्या संत्र्यांचा आंबिया बहार याच दिवसांत बाजारात येतो. त्याची साल पातळ, तेलकट, झणझणीत वासाची. तिला नऊ दिवस लागत नाहीत, दोन-तीन पुरतात. पपनस मिळाले तर उत्तम, महाळुंग मिळाले तर भाग्य. फळे कोमट पाण्यात चोळून धुवावीत, कारण हल्ली त्यांना मेणाचा हात दिलेला असतो. साल बोटभर रुंद कापावी. पपनसाची असेल तर पहिला दिवस मिठाच्या पाण्यात ठेवावी आणि मग साध्या पाण्यात, पाणी रोज बदलीत. रोज एक तुकडा चावून पाहावा. कडू जिभेवर रेंगाळेनासे झाले की पुरे; सगळे कडू काढू नये, नाहीतर उरते ती नुसती साखर.

मग उकडणे. दोन-तीनदा पाणी बदलून, टाचणी सहज आरपार जाईपर्यंत. इथे घाई नको, कारण साखर लागल्यानंतर साल पुढे मऊ होत नाही. निथळून वजन करावे. अर्धा किलो साल असेल तर अर्धा किलो साखर आणि तेवढेच पाणी घेऊन पातळ पाक करावा. भांडे पितळी असेल तर कल्हईचे घ्यावे, आंबटाची बाधा होते. पाकात साल पाच मिनिटे उकळून रात्रभर झाकून ठेवावी. दुसऱ्या दिवशी साल काढून, पाकात मूठभर साखर वाढवून उकळावा आणि पुन्हा सालीवर ओतावा. असे पाच-सहा दिवस.

माझी पहिली साल कोल्हापुरी वहाण का झाली, ते मला इथे कळले. घट्ट पाकात साल एकदम टाकली की तिच्यातले पाणी झपाट्याने बाहेर धावते आणि साखर आत शिरायला तेवढी चपळ नसते. साल आक्रसून जाते. पाक रोज थोडा थोडा घट्ट केला म्हणजे जितके पाणी जाते तितकी साखर येते आणि साल फुगलेली राहते. अशा रीतीने शेकड्याला सत्तरच्या आसपास साखर आत बसली की तिथे बुरशीला जगण्यापुरते पाणीच उरत नाही. शेवटच्या दिवशी दोन चमचे लिंबाचा रस घालावा, म्हणजे पाक साखर धरीत नाही, आणि दोनतारी होईपर्यंत शिजवावा. साल चाळणीवर निथळून, सावलीत दोन दिवस वाळवावी. वरून पिठीसाखर आणि सुंठ, ही पॅरिसची. किंवा नुसती ठेवावी, ती आजीची. उरलेला पाक टाकू नये, सरबताला त्याच्यासारखे काही नाही.

गेली काही वर्षे मी हे करतो आहे. साखर मोजताना एक विचार मात्र चुकत नाही. आपल्या फराळाची धामधूम चालू असते त्याच सुमारास मराठवाड्यातून, त्यातही बीड जिल्ह्यातून, लाखो माणसे बिऱ्हाड बांधून साखर कारखान्यांच्या मुलखाकडे निघतात. नवराबायको मिळून त्यांना ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल ती जोडी हंगामभर फेडते. पोरे शाळा सोडून बरोबर जातात. ते गुलाम नाहीत, आणि हा सहकाराचा मुलूख आहे. १९५०च्या सुमारास प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांनी स्वतःचा कारखाना उभा केला त्याचा अभिमान मलाही आहे. पण ऊस आजही थांबू देत नाही, आणि साखरेच्या किमतीतला एक आकडा आजही तराजूत दिसत नाही. सालीचा कडूपणा नऊ दिवसांत पाण्यात उतरतो. साखरेचा कशात उतरवावा, हे त्या पॅरिसकराने लिहिले नाही, आजीनेही सांगितले नाही. १७९१च्या त्या बायकांनी निदान विचारले तरी होते, की ही कुठून आली. फराळाच्या ताटाशी बसून एकमेकांना एवढे विचारायला काही हरकत नसावी.

यंदा एका स्नेह्याने कोकणातून चार महाळुंगे पाठवली. घटस्थापनेला मी सट मांडला. धाकटी नात रोज पहाटे उठून पाणी बदलायला येई. चौथ्या दिवशी तिने हळूच विचारले, “आजोबा, हा कुठला देव?” मी सांगणार होतो ते सगळे, आसामपासून कॉर्सिकापर्यंत. पण आतून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “तिला आधी पाणी बदलू दे.”

पोरीने पाणी बदलले. एक तुकडा काढून चावला, तोंड वेडेवाकडे केले आणि म्हणाली, “अजून कडू आहे.”

“अजून पाच दिवस आहेत,” मी म्हणालो.